पुरावा क्रमांक एक

चक्रीवादळ उद्या संध्याकाळी सहाच्या सुमारास धडकणार असं रेडिओवर जाहीर झालं, तेव्हा दफ्तरदारांना राग आला तो 'सुमारास' या शब्दाचा.

"एवढे उपग्रह आभाळात सोडलेत, ते काय तिथे गोट्या खेळतात? सहा म्हणजे सहा. नाहीतर सव्वासहा म्हणा. सुमारास काय, सुमारास?" असं ते रेडिओला म्हणाले. रेडिओने काहीच उत्तर दिलं नाही, याचाही त्यांना राग आला.

दफ्तरदार हे त्यांचं आडनाव नव्हे. कचेरीतल्या दफ्तरखान्याचे ते प्रमुख. बत्तीस वर्षं कागदांवर क्रमांक घालून घालून त्यांची अशी समजूत झाली होती, की जगात जो काही गोंधळ आहे तो क्रमांक नसल्यामुळे आहे. घरातली कपाटं, खुर्च्या, उशा, छत्र्या, सगळ्यांवर बारीक अक्षरात क्रमांक होते. चमच्यांवरही होते, पण ते बायकोने घासून घासून काढले. आणि ज्या गोष्टींना क्रमांक घालता येत नाही त्यांच्यावर दफ्तरदार रागावत. लोक सकाळी उठून दात घासतात. दफ्तरदार आधी रागावत, मग दात घासत.

दारातून एक छापील पत्रक आत सरकवलेलं होतं: 'वादळापूर्वी घ्यावयाची दक्षता.' टाक्या काठोकाठ भरून ठेवा, टाक्यांची झाकणं पक्की बांधा, टाकीचा खालचा व्हॉल्व्ह बंद होतो ना ते तपासा. दफ्तरदारांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांच्या कानशिलावरची शीर तटतटली.

"सहानंतर एकदम आठ! सातवी सूचना कुठे आहे?"

"उडून गेली असेल," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. मग हात पुसत बाहेर आली. "अहो, मी उद्या दुपारी ताईकडे जातेय. गाडी सांगून ठेवलीय. वादळ गेलं की येईन. किंवा बघते."

"बघते म्हणजे?"

"म्हणजे सुमारास येईन."

आता या बोलण्यामागे एक झाकण होतं, आणि ते खरोखरच दाराच्या मागे होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या वादळात गच्चीवरच्या एका टाकीचं झाकण वाऱ्याने उचललं, आभाळात एक गिरकी मारली आणि तिसऱ्या मजल्यावर, नऊ नंबरच्या घरात, झोपायच्या खोलीची काच फोडून ते आत आलं. आत आलं ते थेट दफ्तरदारांच्या बायकोच्या कपाळावर. चार टाके पडले. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पंचवीस वर्षं पोरांच्या हाती ॲसिड देऊनही तिला ओरखडा आला नव्हता, तो घरी पलंगावर बसून आला. दुसऱ्या दिवशी दफ्तरदार गच्चीवर गेले. बारा घरांच्या बारा काळ्या टाक्या ओळीत उभ्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात ठसठशीत आकडा. अकरा टाक्यांवर झाकण होतं. चार नंबरच्या टाकीवर नव्हतं.

झालं. चार नंबरचे म्हातारे गृहस्थ तळमजल्यावरचं घर बंद करून केव्हाच दूर मुलीकडे राहायला गेले होते. दफ्तरदारांनी फोन करून त्यांना अशा शब्दांत झापलं, की पलीकडे त्यांच्या नातवंडांनी म्हणे दूरचित्रवाणी बंद केली. म्हाताऱ्यांनी आठ दिवसांत दफ्तरदारांच्या बायकोच्या नावाने एक पत्र पाठवलं. थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, ताई, माझ्यामुळे तुमच्या कपाळाला दुखापत झाली, मला क्षमा करा. दफ्तरदारांनी ते पत्र बायकोच्या हातून घेतलं, त्यावर 'पुरावा क्र. २ : कबुलीजबाब' असं लिहिलं आणि फायलीत लावलं. पुरावा क्रमांक एक म्हणजे अर्थातच झाकण. त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधून दफ्तरदारांनी ते दाराआड उभं केलं, ते आजपर्यंत उभं होतं. तीन वर्षं चार नंबरची टाकी आभाळाकडे आ वासून होती.

"अहो, लावून टाका ना ते झाकण," बायको म्हणायची.

"ज्याचं आहे त्याने यावं, माफी मागावी, पोचपावतीवर सही करावी आणि घेऊन जावं. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

आता ती म्हणाली, "हे बघा. मी दोन कामं सांगते. बाराही टाक्यांची झाकणं तारेने बांधून घ्या. आणि हे दाराआडचं झाकण उचलून वर नेऊन बसवा. त्याच्याकडे बघत मी आणखी एक वादळ काढणार नाही. दोन्ही झालं तर राहीन. नाही झालं तर उद्या दोन वाजता गाडी."

"पहिलं मान्य. दुसरं तत्त्वात बसत नाही."

"मग तत्त्वाला चहा करायला शिकवून ठेवा," ती म्हणाली आणि कपाटावरून बॅग काढली. बॅगेचा क्रमांक तीन होता.

दफ्तरदार तडक निघाले ते विभाग कार्यालयात. त्यांचं म्हणणं साधं होतं: म्हाताऱ्यांना माफी मागायला भाग पाडावं, म्हणजे झाकण सन्मानाने परत करता येईल, म्हणजे बायको राहील. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तिथे एक तक्रार अर्ज दिला होता. नऊ पानं, चौदा कलमं, सोबत आराखडा. त्यावर कार्यालयाने जे केलं त्याला मराठीत काहीच न करणं असं म्हणतात.

खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "पूर्वदक्षतेचा अर्ज की नुकसानीचा?"

"पूर्वदक्षतेचा."

"त्याला कामकाजाचे सात दिवस लागतात."

"वादळ उद्या आहे!"

"मग नुकसानीचा करा. तो लगेच होतो. पण नुकसान झाल्यावर. तीन फोटो लागतील."

"म्हणजे मी आधी डोकं फोडून घेऊ का?"

"डोकं वरच्या मजल्यावर, आरोग्य विभागात. इथे फक्त घर."

दफ्तरदारांनी टेबलावर मूठ आपटली. टेबल सरकारी असल्यामुळे त्याला काही झालं नाही. मूठ खाजगी होती, ती सुजली. मग त्यांनी इतका आरडाओरडा केला, की रांगेतली माणसं आपापली कामं विसरून पुढे आली. शेवटी कारकून उठला, आतल्या कपाटाशी खुडबुड केली आणि धूळ झटकत एक जाड फाईल घेऊन आला. ती उघडून तो आराखड्यापाशी थबकला.

"हा तुम्ही काढलात?"

"मी स्वतः. एकास शंभर प्रमाण. जिन्याची दिशा दाखवलीय. दोषी टाकीवर तांबडा बाण आहे."

"फार सुंदर," कारकून म्हणाला, आणि तो मनापासून म्हणाला. "आमच्या एंजिनियरलाही असं जमत नाही. जुन्या नळजोडणीच्या नकाशाशी हा ताडून बघायचा होता. तेवढ्यासाठी अडकलंय बघा."

"मग ताडा! आज ताडा! उद्या दुपारच्या आत नोटीस निघाली पाहिजे. आणि कलम अकरा, बारा, तेरा वाचलंत का?"

कारकुनाने वाचलं. कलम अकरा : नोटीस दोषी व्यक्तीच्या दारावर लावावी. कलम बारा : ती जमलेल्या रहिवाशांसमोर मोठ्याने वाचून दाखवावी. कलम तेरा : ती वाऱ्यापावसाने निघणार नाही अशा चिकटद्रव्याने चिकटवावी.

"गोंद आमच्याकडे चांगला आहे," कारकून म्हणाला. "तेवढी एकच गोष्ट चांगली आहे."

दफ्तरदार विजयी मुद्रेने घरी आले. दुपारी त्यांनी सगळ्या रहिवाशांना गच्चीवर बोलावलं. आभाळ मळकं झालं होतं आणि वारा असा पडला होता, की वाळत घातलेला टॉवेलही खिळल्यासारखा लोंबत होता.

तळमजल्यावर दोन नंबरमध्ये राहणारे ड्रिलमास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण आवाज अजून नोकरीवर होता. "सुतळी घ्या सुतळी! आम्ही शिबिरात तंबू सुतळीने बांधायचो. एकही उडाला नाही."

"वादळात?" अकरा नंबरच्या दंतवैद्य बाईंनी विचारलं. त्यांचा दवाखाना घरातच, पुढच्या खोलीत.

"वादळ नव्हतं. पण असतं तरी उडाला नसता."

"तारच हवी," दंतवैद्य बाई म्हणाल्या. "वाकडे दात मी तारेनेच धरते. सुतळीने धरले असते तर आज शहरात मला तोंड दाखवायची सोय नसती."

"दात आणि टाकी यात फरक आहे, डॉक्टर."

"आहे ना. दात लोक रोज घासतात."

हा टोला ड्रिलमास्तरांना होता. स्वतःच्या, म्हणजे अकरा नंबरच्या टाकीला दंतवैद्य बाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आतून घासून घेत, आणि ड्रिलमास्तरांची दोन नंबरची टाकी शेवाळाने हिरवीगार झाली होती.

"मला काय झालंय? अकरा वर्षं तेच पाणी पितोय. बघा, बघा!" असं म्हणून ड्रिलमास्तरांनी दंड फुगवून दाखवला. "पाण्याला नावं ठेवायची तर विभाग कार्यालयाला ठेवा. दर महिन्यात एका रविवारी माझे नळ कोरडे पडतात. सतरा तक्रारी केल्या!"

दफ्तरदारांनी तार वाटली, प्रत्येकाकडून बांधून घेतली, आणि ज्याने गाठ उलटी मारली त्याला सर्वांसमोर सुनावलं. संध्याकाळपर्यंत अकरा झाकणं पक्की झाली. चार नंबरच्या उघड्या टाकीकडे त्यांनी मुद्दाम पाठ फिरवली. तीन वर्षांत त्यांनी तिच्यात एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं. आरोपीशी सलगी करू नये.

रात्री जेवताना बायकोने पाण्याचा पेला नाकाशी नेऊन खाली ठेवला.

"पुन्हा सुरू झालं?"

"वास येतोय."

"तुझ्या नाकाला येतोय, पाण्याला नाही. तीन वर्षांत तीन फिल्टर बदलले मी."

"मागे नळातून पीस आलं होतं."

"तो वॉशरचा धागा होता."

"वॉशरला पंख फुटलेले मी पहिल्यांदाच पाहिले," बायको म्हणाली.

दफ्तरदारांना संताप आला. आख्ख्या इमारतीत स्वतः टाकीत उतरून टाकी धुणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे ते. वर्षातून दोनदा अर्धी विजार घालून ते नऊ नंबरच्या टाकीत उतरत. त्या दिवशी घरातल्या नळांवर कागद चिकटवलेले असत: 'टाकी रिकामी आहे. नळ उघडू नये.' एकदा बायकोने चुकून नळ उघडला आणि म्हणाली, "अहो, पाणी येतंय की." दफ्तरदार टाकीतून ओले, थंडीने काकडत खाली आले होते. ते ओरडले, "ते पाइपात उरलेलं पाणी आहे! शास्त्र शिकवतेस ना?" पाइपात उरलेलं ते पाणी नंतर दोन बादल्या आलं होतं. पण एवढ्या लहानसहान गोष्टी कोण लक्षात ठेवतो? तर, बायको ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दफ्तरदारांनी पत्रकाप्रमाणे आपल्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून पाहिला. खाली येऊन नळ उघडला. पाणी धो धो. पुन्हा वर. पुन्हा बंद. पुन्हा खाली. पाणी धो धो. चार वेळा जिने चढउतार झाल्यावर त्यांचा रागही धापा टाकू लागला. त्यांनी प्लंबरला बोलावलं. वादळाच्या दिवशी प्लंबर मिळणं म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलं असेल त्यालाच कळेल. तो साडेअकराला आला, आणि आल्याबरोबर दफ्तरदारांनी त्याला 'आठला येतो म्हणालास' यावर दहा मिनिटं ऐकवलं, म्हणजे काम पावणेबाराला सुरू झालं. वारा सुटला होता. दूरवर पत्रे खडखडत होते.

प्लंबरने व्हॉल्व्ह बदलला. खाली पाणी धो धो.

"तू व्हॉल्व्ह विकतोस की शोभेच्या वस्तू?" दफ्तरदार कडाडले.

प्लंबर शांतपणे विडी शोधत होता. वाऱ्यात ती पेटणार नव्हती, म्हणून त्याने ती नुसतीच तोंडात धरली. पाइपांची ओळ डोळ्यांनी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली, आणि मग तो चार नंबरच्या टाकीपाशी जाऊन बसला.

"साहेब, मी हा बंद करतो. तुम्ही खाली जाऊन बघा."

"तो चार नंबर आहे! ते घर बंद आहे!"

"बघा तर."

दफ्तरदार खाली गेले. नळ उघडला. नळाने एक आवंढा गिळला आणि तो थांबला.

ते एकेक पायरी मोजत वर आले.

"तुमची टाकी ही," प्लंबर म्हणाला. "नळ त्या टोकाकडून टाकत आणलेत. एक नंबरची टाकी तिकडे, भिंतीला. आकडे मात्र जिन्याकडून घातलेत. सगळंच उलटं. एकाची बाराला, दोनाची अकराला, चाराची तुम्हाला. तुम्ही ती नऊची आपली समजता ना, ती त्या बंद घराची." त्याने चार नंबरच्या उघड्या टाकीत मान घातली आणि लगेच बाहेर काढली. "आणि प्यायला ही वापरता?" असं म्हणून तो दफ्तरदारांपासून किंचित लांब सरकला.

दफ्तरदारांनी तीन वर्षांत पहिल्यांदा आत डोकावून पाहिलं. तिथे एका कबुतराचा संसार होऊन मोडलेला होता. अकरा वर्षं अर्धी विजार घालून त्यांनी एका कुलपाला निर्मळ पाणी पाजलं होतं.

"हे आकडे कोणी घातले हो?" प्लंबरने विचारलं. "कोण गाढव होता?"

अकरा वर्षांपूर्वी, इथे राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी, टाक्यांवर क्रमांक नाहीत हे पाहून दफ्तरदारांना भयंकर राग आला होता. रंगाऱ्यावर विश्वास नाही म्हणून पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन ते स्वतः वर आले होते. कचेरीतली कपाटं दारापासून मोजतात, म्हणून त्यांनी टाक्याही जिन्यापासून मोजल्या.

"कोण जाणे," दफ्तरदार म्हणाले. "फार जुनी गोष्ट आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रागवायला माणूस सापडेना. वादळावर रागावून पाहिलं, पण ते अजून आलं नव्हतं. बिल्डरवर रागावून पाहिलं, तो केव्हाच वारला होता. नळ टाकणाऱ्यावर रागावले, पण त्याने नळ बरोबर टाकले होते. राग इकडेतिकडे हिंडून, कुठेच दार उघडत नाही असं पाहून, संध्याकाळी जनावर घरी येतं तसा परत आला आणि त्यांच्याच पायाशी बसला.

घड्याळात दीड वाजला होता. दोनला गाडी. अजून वेळ होता. दफ्तरदारांनी झटपट एक योजना आखली: झाकण गुपचूप वर न्यायचं, बसवायचं, तारेने बांधायचं, आणि बायकोला सांगायचं की तुझ्यासाठी तत्त्व सोडलं. शिवाय टाकी धुवायला उद्या प्लंबर. कोणाला काही कळायचं कारण नाही. तत्त्व सोडल्याचं श्रेय वर मिळेल ते वेगळंच.

बायको आत बॅग भरत होती. त्यांनी पुरावा क्रमांक एक चादरीत गुंडाळला, बगलेत मारला आणि दबक्या पावलांनी बाहेर पडले. जिन्यात ड्रिलमास्तर.

"काय नेताय?"

"चादर."

"गोल आहे."

"गोल चादर आहे."

"वादळात चादर वाळत घालू नये. दुपदरी करून, घडी घालून..." ड्रिलमास्तरांनी जिन्यातच घडीचं प्रात्यक्षिक सुरू केलं. तेवढ्यात वरून दंतवैद्य बाई आल्या, आणि खालून विभाग कार्यालयाचा शिपाई. त्याच्या एका हातात गोंदाचा डबा, दुसऱ्या हातात कागद.

त्या कार्यालयाने स्थापनेपासून एकही काम वेळेवर आणि बिनचूक केलं नव्हतं. ते त्या दिवशी केलं.

"चार नंबर तळमजल्यावर," दफ्तरदार घाईघाईने म्हणाले. "आणि हे बघा, आता राहू द्या. तक्रार मी मागे घेतो."

"चार नाही, नऊ," शिपाई म्हणाला आणि त्यांच्याकडे न बघता वळला. तो नऊ नंबरच्या दाराशी थांबला. ब्रशने दाराला मन लावून गोंद फासला, कागद लावला, चारी कोपरे तळहाताने चेपले. आवाज ऐकून बायको बॅग घेऊन बाहेर आली. "रहिवासी जमलेत का?" शिपायाने विचारलं. जमले होते. अशा वेळी जमतात.

"कलम बाराप्रमाणे वाचतो," म्हणून त्याने घसा खाकरला. "सोबतच्या आराखड्यात तांबड्या बाणाने दाखवलेली टाकी मूळ नळजोडणीच्या नकाशाप्रमाणे घर क्रमांक नऊची असल्याचे निष्पन्न झाले आहे. सबब घर क्रमांक नऊच्या रहिवाशाने तीन वर्षे टाकी उघडी ठेवून, स्वतःच्या कुटुंबाच्या जीवितास व आरोग्यास धोका निर्माण केला आहे. झाकण तत्काळ बसवावे. अर्जदाराने सादर केलेल्या उत्कृष्ट आराखड्याबद्दल कार्यालय अर्जदाराचे आभारी आहे."

चादरीचं एक टोक सुटलं आणि पुरावा क्रमांक एक पायऱ्यांवर आदळला, गडगडत ड्रिलमास्तरांच्या पायाशी गेला आणि गरगर फिरत आडवा झाला.

पहिले भानावर आले ते ड्रिलमास्तर. "थांबा, थांबा. नऊची टाकी चार. मग माझी दोनाची?"

"अकरा," दफ्तरदार पुटपुटले.

"म्हणजे दर महिन्याच्या त्या रविवारी माझं पाणी..."

"मी धुवून घेत होते!" दंतवैद्य बाई किंचाळल्या. "म्हणजे तो दंड माझ्या पाण्याचा! आणि माझे पेशंट? अकरा वर्षं माझे पेशंट तुमच्या त्या हिरव्या डबक्याने चुळा भरतायत?"

"डबकं म्हणू नका! आणि ते माझं नाही, तुमचं आहे!"

"आकडे कोणी घातले?" दोघांनी एकदम विचारलं आणि एकदम वळून दफ्तरदारांकडे पाहिलं. पांढऱ्या रंगाचा डबा आणि ती अर्धी विजार इमारतीत सगळ्यांना आठवत होती.

बायको आत गेली. वर प्लंबरने व्हॉल्व्ह पुन्हा उघडला असावा, कारण नळाचा आवाज आला. ती पेला भरून घेऊन आली. नाकाशी नेला, हुंगला, पोरांना वायू ओळखायला शिकवताना हुंगतात तसा, हाताने थोडी हवा नाकाकडे ओढून. मग पेला नवऱ्यापुढे धरला.

"प्या."

"अगं, सगळ्यांसमोर..."

"कलम बारा," ती म्हणाली.

दफ्तरदार प्यायले. गेली तीन वर्षं तेच पाणी पीत होते, पण आज त्याला वास होता.

खाली गाडीचा भोंगा वाजला. वारा आता जिन्याच्या खिडक्यांतून शिट्ट्या मारत होता. दफ्तरदारांनी बॅग क्रमांक तीनकडे पाहिलं. एरवी त्यांच्याकडे शब्दांचा तुटवडा नसे. पण ते सगळे रागवायचे शब्द होते, आणि आज दुसऱ्या जातीचे लागणार होते.

"जाऊ नकोस," ते एवढंच म्हणाले.

"जाऊ?" बायको म्हणाली. तिच्या कपाळावरचा व्रण लाल झाला होता. "कुठे जाऊ? ताईकडे जाऊन कोणावर रागावू? तिने काय केलंय बिचारीने? तीन वर्षं माझं नाक खोटं पाडलंत. माझं पत्र फायलीत लावलंत. मला इथे बसून रागवायचंय. चांगलं सावकाश. या घरात इतकी वर्षं तुम्हीच रागावलात, मला पाळीच आली नाही." तिने जिन्याच्या कठड्यावरून वाकून गाडीवाल्याला हाक मारली, "दादा, जा तुम्ही! सांभाळून जा!" मग बॅग आत ठेवली आणि फोन घेऊन आली. "आधी चार नंबरना फोन. आवाज मोठा करून."

फोन तिसऱ्या घंटीला उचलला गेला. पलीकडे म्हाताऱ्यांचा खोल आवाज. "कोण? नऊ नंबर? अहो, वादळाचं ऐकलं. मी आत्ता तुम्हालाच... या वेळी कोणाला लागायला नको हो. माझ्या टाकीचं काही..."

"टाकी तुमची नव्हती," दफ्तरदार म्हणाले.

"काय?"

"झाकण. ते माझं होतं. आकडे मी चुकीचे घातले होते." हे वाक्य बत्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून कोणत्याही कपाटासमोर निघालं नव्हतं. "माझं चुकलं. क्षमा करा."

मग म्हातारे म्हणाले, "म्हणजे ताईंना माझ्यामुळे लागलं नाही?"

"नाही."

"बरं झालं हो," म्हातारे म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "बरं झालं. वारा सुटला ना की मला तेच दिसायचं. तीन वर्षं... असो. खिडक्या लावून घ्या."

ते रागावले असते तर दफ्तरदारांना सोसलं असतं. रागाला काय उत्तर द्यायचं ते त्यांना पाठ होतं.

चार वाजता इमारतीतले सगळे गच्चीवर होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, पण तार एकमेकांच्या हातात देत होते. दंतवैद्य बाईंनी आपल्या हिरव्या टाकीची गाठ स्वतः तपासली आणि ड्रिलमास्तरांकडे पाहून दातओठ खाल्ले. दफ्तरदारांनी झाकण बसवलं. तीन वर्षं तत्त्वावर उभं राहून ते थोडं वाकलं होतं, पण बसलं. चिठ्ठी सोडवायला वेळ नव्हता, तशीच राहिली.

वादळ सहा वाजून दहा मिनिटांनी आलं. दफ्तरदारांनी घड्याळाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि ते काही बोलले नाहीत. ती बोलत होती. साखरपुड्यापासून सुरुवात केली होती आणि वारा ऐन भरात आला तेव्हा ती लग्नानंतरच्या चौथ्या वर्षापर्यंत पोचली होती. मधेच काचा थरथरल्या तेव्हा दफ्तरदार उठून तिच्या आणि खिडकीच्या मधे बसले. तिने वाक्य न तोडता एक उशी त्यांच्या डोक्यावर ठेवली. उशी क्रमांक दोन.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. समोरची दोन झाडं आडवी झाली होती. कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी नव्हती, विजेचा खांब वाकून रस्त्याला नमस्कार करत होता, इमारतीच्या नावाचा फलकही गेला होता. गच्चीवर बाराच्या बारा झाकणं जागच्या जागी होती.

दफ्तरदारांनी घराचं दार उघडलं. नऊ नंबरच्या दारावर नोटीस तशीच होती. ओली होऊन वाळली होती, पण एक कोपरासुद्धा उचलला नव्हता. अक्षरं उलट जास्तच उठून दिसत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नखाने कडा खरवडायला सुरुवात केली.

"राहू द्या," आतून बायको म्हणाली. "पुरावा आहे."